कटल्याच्या मादीला इस्ट्रोजेन द्यावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: हॅचरीत कटल्याच्या काही माद्या इंजेक्शन देऊनही अंडी सोडत नाहीत, ज्या सोडतात त्यांच्यात फलन कमी होतं. एका परिचितानं सुचवलं की जूनमध्ये खाद्यातून इस्ट्रॅडिओलच्या गोळ्या द्या, ते ‘मादीचं हार्मोन’ आहे, गाभोळी भरेल आणि इंजेक्शनलाही जोर येईल. हे करावं का, आणि माशाच्या मादीत इस्ट्रोजेन नेमकं करतं काय?

देऊ नका. इस्ट्रोजेनचं काम गाभोळी भरण्याचं, आणि ते हिवाळा सरता सरता सुरू होऊन पावसाच्या तोंडावर संपत येतं. ज्या रात्री अंडी सुटायची असतात, त्या रात्री मादीच्या शरीरातलं इस्ट्रोजेन खाली यावं लागतं. तुमचा परिचित नेमकं त्याच वेळी ते वर न्यायला सांगतोय. गोळ्यांचा प्रश्न इथे संपतो, पण तुमच्या माद्या का अडतात हे समजायला यामागचं शास्त्र उपयोगी आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

अंडाशयात प्रत्येक अंडपेशीभोवती पेशींचे दोन थर असतात. बाहेरचा थीका, आतला ग्रॅन्युलोसा. मेंदूच्या बुडाशी असलेल्या पियुषिका ग्रंथीतून एफएसएच हे संप्रेरक (हार्मोन) आलं की बाहेरचा थर कोलेस्टेरॉलपासून पायरीपायरीनं टेस्टोस्टेरॉन तयार करतो. हो, मादीतसुद्धा. ते आतल्या थरात झिरपतं आणि तिथलं ॲरोमॅटेज नावाचं एन्झाइम त्याचं इस्ट्रॅडिओल-१७ बीटा करतं. माशांतलं मुख्य इस्ट्रोजेन हेच. म्हणजे मादीचं हार्मोन नराच्या हार्मोनपासून बनतं, आणि सगळी किल्ली ॲरोमॅटेजच्या हातात असते. बहुतेक अस्थिमत्स्यांत या एन्झाइमची दोन जनुकं आहेत, एक मुख्यतः अंडाशयात चालणारं, दुसरं मेंदूत. माशाच्या मेंदूत ॲरोमॅटेजची क्रिया सस्तन प्राण्यांच्या मेंदूच्या शेकडो पट असते. हॅचरीवाल्याला मात्र काळजी करायची ती अंडाशयातल्या ॲरोमॅटेजची.

इथून इस्ट्रॅडिओल रक्तातून यकृताकडे जातं. गाभोळी अंडाशयात दिसते म्हणून ती तिथेच तयार होते असं वाटतं, पण बलकाचा कच्चा माल यकृतात बनतो. इस्ट्रॅडिओल यकृताच्या पेशीत शिरून आपल्या रिसेप्टरला, म्हणजे त्याला ओळखून धरणाऱ्या प्रथिनाला, चिकटतं, ती जोडी डीएनएवर जाऊन बसते आणि व्हिटेलोजेनिन नावाच्या अवजड प्रथिनाचं उत्पादन सुरू होतं. या प्रथिनात चरबी असते, फॉस्फेट असतं, आणि फॉस्फेटला धरून कॅल्शियम असतं. म्हणून गाभोळी भरत असलेल्या मादीच्या रक्तातलं कॅल्शियम वाढलेलं सापडतं. व्हिटेलोजेनिन मोजायचे सोपे किट मिळण्याआधी संशोधक रक्तातल्या कॅल्शियमवरूनच अंदाज बांधत. रक्तातून ते अंडाशयात येतं, अंडपेशी आपल्या पृष्ठभागावरच्या खास रिसेप्टरनं ते आत ओढून घेते आणि तोडून बलकाच्या रूपात साठवते. रोहूची मादी किलोमागे दोन-तीन लाख अंडी देते. त्या प्रत्येक अंड्यातला बलक यकृतातून असा वाहून आणलेला असतो. त्या काळात मादीचं यकृत किती ओझं उचलत असेल याचा अंदाज करा, आणि मग प्रजनक माशांना नुसत्या कोंडा-पेंडीवर ठेवायचं की नाही ते ठरवा.

या यंत्रणेची एक खुबी आहे. इस्ट्रॅडिओल यकृतात आपल्याच रिसेप्टरची संख्या वाढवतं. त्यामुळे सुरुवातीला प्रतिसाद सावकाश येतो आणि नंतर वेग घेतो. एकदा इस्ट्रोजेन मिळालेलं यकृत पुढच्या वेळी लवकर आणि जास्त व्हिटेलोजेनिन बनवतं, हे प्रयोगांत वारंवार दिसलंय. पहिल्यांदाच गाभोळी धरणाऱ्या मादीपेक्षा एखादा हंगाम काढलेली मादी भरवशाची ठरते. त्याला इतरही कारणं आहेत, पण यकृताची ही ‘आठवण’ त्यातलं एक असावं असं माझं मत आहे.

यावर साहजिक प्रश्न येतो: मग बाहेरून इस्ट्रॅडिओल दिलं तर यकृत जास्त व्हिटेलोजेनिन बनवणार नाही का? बनवेल की. नराला दिलं तरी बनवेल, कारण व्हिटेलोजेनिनचं जनुक नराच्या यकृतातही असतं, फक्त त्याला हुकूम मिळत नाही. पण रक्तात माल वाढला म्हणजे अंडपेशीत भरला असं होत नाही. तो आत घ्यायला अंडपेशी त्या टप्प्यावर आलेली हवी, तिच्याभोवतीचे थर जागे हवेत, एफएसएचचा पाठिंबा हवा. आणि बाहेरून आलेलं जादा इस्ट्रोजेन पियुषिकेला ‘पुरे’ असा निरोप देतं, त्यामुळे एफएसएच आणखी घटतं. अंडपेशी न उचलणारं व्हिटेलोजेनिन रक्तात साचत राहतं, आणि फार साचलं तर यकृत व मूत्रपिंडाला इजा करतं. गोळ्यांनी हाती येईल ते हे.

यकृताखेरीज इस्ट्रोजेन आणखी काय सांभाळतं, हे गेल्या दहा वर्षांत जनुकं कापून बंद केलेल्या माशांवरून बरंच स्पष्ट झालं. प्रयोगशाळेत नेहमी वापरल्या जाणाऱ्या झेब्राफिश या छोट्या माशात अंडाशयाच्या ॲरोमॅटेजचं जनुक बंद केलं तर सगळी पिल्लं नर होतात. म्हणजे मादी घडायलाच इस्ट्रोजेन लागतं. मग संशोधकांनी ॲरोमॅटेजबरोबर नर घडवणारं डीएमआरटी १ हे जनुकही बंद केलं. आता अंडाशय तयार झालं, त्यात कोवळ्या अंडपेशीही आल्या, पण बलक भरण्याच्या उंबरठ्यावर सगळ्या थांबल्या. मला हा प्रयोग फार आवडतो, कारण इस्ट्रोजेनची दोन कामं त्यात स्वच्छ वेगळी पडतात. बालवयात अंडाशयाला अंडाशय म्हणून टिकवणं हे एक, आणि मोठेपणी त्यात बलक भरून घेणं हे दुसरं.

माशांत इस्ट्रोजेनचे पेशीकेंद्रात काम करणारे रिसेप्टर साधारण तीन: ईएसआर १, ईएसआर २ए आणि ईएसआर २बी. सस्तन प्राण्यांत दोनच आहेत. झेब्राफिशमध्ये यातला एकेक वेगळा बंद करून पाहिला तेव्हा, २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या कामानुसार, माद्या बऱ्यापैकी ठीक राहिल्या. २ए आणि २बी एकत्र बंद केल्यावर मात्र अंडपेशींची वाढ थांबली आणि मादीचं हळूहळू नरात रूपांतर झालं. एकाची कमतरता दुसरा भरून काढतो असा त्याचा अर्थ. पण सगळ्या माशांत हीच वाटणी असेल असं धरून चालू नका. मेडाका या जपानी माशात एकटा २ए बंद केला तरी मादी वांझ झाली, आणि तीही विचित्र कारणानं. अंडाशयात अंडी होती, पण बाहेर पडायला अंडवाहिनीच नीट तयार झालेली नव्हती. शिवाय त्या माद्यांत एफएसएचला लगाम बसेना. याच माशात २बी बंद केल्यावर मादीच्या वागण्यात नराचे ढंग आले. झेब्राफिशचा निष्कर्ष उचलून कटल्याला लावणारे लेख वाचताना हे लक्षात असू द्या.

आता पियुषिकेकडे येऊ, कारण तुमच्या इंजेक्शनचा संबंध तिथे आहे. इस्ट्रोजेन इथे दुहेरी खेळ खेळतं. एकीकडे ते पियुषिकेत एलएच या दुसऱ्या संप्रेरकाचा साठा वाढवायला मदत करतं. दुसरीकडे तो साठा वेळेआधी बाहेर पडू देत नाही. कार्प कुळात, म्हणजे रोहू, कटला, मृगळ, सायप्रिनस, गोल्डफिश यांच्यात, एलएच अडवण्याचं मोठं काम मेंदूतलं डोपामिन करतं, आणि माशांच्या मेंदूतल्या या डोपामिन पेशींवर इस्ट्रोजेनचा प्रभाव असल्याचे पुरावे आहेत. साठा भरायचा पण कुलूप लावून, असा हा बंदोबस्त. नदीत पहिल्या पुराचं पाणी, तापमानातली घट, प्रवाह, नराची सोबत अशा गोष्टी जुळून आल्या की कुलूप उघडतं. तळ्यात त्या जुळत नाहीत, म्हणून आपले प्रमुख कार्प तळ्यात गाभोळी धरतात पण अंडी सोडत नाहीत.

हिरालाल चौधुरी यांनी १० जुलै १९५७ रोजी ओडिशात पियुषिका ग्रंथीचा अर्क टोचून कार्पचं प्रजनन घडवलं, तेव्हा त्यांनी हे कुलूप वळसा घालून टाळलं. दात्या माशाच्या पियुषिकेतलं तयार एलएच थेट मादीच्या रक्तात गेलं. पुढे रिचर्ड पीटर आणि हाओ-रेन लिन या संशोधकांच्या कामातून दुसरी वाट निघाली. डोपामिनचा अडथळा औषधानं काढा, सोबत जीएनआरएचचा, म्हणजे पियुषिकेला एलएच सोडायला सांगणाऱ्या मेंदूतल्या संप्रेरकाचा, बदललेला रेणू द्या, मग मादी स्वतःचंच एलएच सोडते. तुम्ही वापरता ते ओव्हाप्रिम याच तत्त्वावरचं. एका मिलिलिटरमध्ये सॅल्मनच्या जीएनआरएचचा २० मायक्रोग्रॅम प्रतिरूप रेणू आणि डोपामिन अडवणारं १० मिलिग्रॅम डोम्पेरिडोन.

यातून एक गोष्ट सरळ निघते. अर्क असो की ओव्हाप्रिम, इंजेक्शन फक्त शेवटचा टप्पा पार पाडतं. पुढच्या आठ-बारा तासांत नवा बलक भरण्याची त्याची ताकद नाही. ज्या मादीत बलक पुरता भरलेला नाही तिला कितीही मात्रा द्या, एक तर ती अंडी सोडणार नाही, नाहीतर अर्धीकच्ची सोडेल आणि तुम्ही फलन कमी म्हणून नराला दोष द्याल. कटल्याला किलोमागे ०.४ ते ०.५ मिलिलिटर ही नेहमीची मात्रा आहे. ‘अडली म्हणून दुप्पट दिली’ हा प्रकार मी अनेक ठिकाणी पाहिलाय आणि त्यात मादी गमावण्यापलीकडे फारसं काही हाती लागत नाही.

शेवटच्या त्या काही तासांत अंडाशयात जे घडतं ते मला या सगळ्यात सर्वांत देखणं वाटतं. एलएचची लाट आली की ग्रॅन्युलोसा पेशी ॲरोमॅटेज आवरतं घेतात. आजवर टेस्टोस्टेरॉनकडे वळणारा माल आता १७ अल्फा-हायड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉनपाशी थांबतो, आणि तोच ग्रॅन्युलोसा थर त्यापासून वेगळं स्टिरॉइड बनवू लागतो: १७ अल्फा, २० बीटा-डायहायड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन. सोयीसाठी त्याला डीएचपी म्हणू. योशिताका नागाहामा आणि शिनजी अडाची यांनी १९८५ साली आमागो सॅल्मनमध्ये ते ओळखलं. डीएचपी अंडपेशीच्या पृष्ठभागावरच्या रिसेप्टरला लागतं, आतला सीएएमपी हा निरोप्या रेणू उतरतो, थांबलेलं विभाजन पुन्हा सुरू होतं, केंद्रक कडेला सरकून त्याचं आवरण विरतं. आता अंड फलनाला तयार. म्हणजे तोच कारखाना, तेच कामगार, पण एका रात्रीत माल बदलतो, आणि इस्ट्रोजेनचं उत्पादन खाली आल्याखेरीज हा बदल पूर्ण होत नाही.

नुसतं उत्पादन घटणं पुरे नाही, इस्ट्रोजेनचा पहाराही उठावा लागतो. पीटर थॉमस आणि येफेई पांग यांनी क्रोकर मासा व झेब्राफिशमध्ये दाखवलं की इस्ट्रोजेन अंडपेशीच्या पटलावरच्या जीपीईआर या रिसेप्टरमधून सीएएमपी चढा ठेवतं आणि अंडपेशीला पिकू देत नाही. भोवतालचे पेशीथर काढून टाकले तर काही अंडपेशी आपोआप पिकायला लागतात. पाण्यात इस्ट्रॅडिओल घातलं की त्या थांबतात. गाभोळी भरण्याआधीच अंडी पिकू नयेत म्हणून ही सोय. एक सावधगिरी इथेही: जीपीईआरचं जनुक बंद केलेल्या झेब्राफिशच्या माद्या तरीही पिल्लं देतात. तेव्हा हा ब्रेक आहे, पण एकटा नाही.

आणि निसर्ग नियम मोडायलाही तयार असतो. शिंगी माशावर बनारस हिंदू विद्यापीठात के. पी. जॉय यांच्या गटानं केलेल्या कामात इस्ट्रॅडिओलपासूनच बनणारं २-हायड्रॉक्सिइस्ट्रॅडिओल अंडपेशी पिकवायला मदत करताना दिसलं. म्हणजे अडवणाऱ्याचाच एक वंशज दार उघडतो. व्यवहारात याचा उपयोग अजून नाही, पण शिंगी-मागूरचं काम करणाऱ्यांनी वाचावं असं आहे.

मग इस्ट्रोजेन बाहेरून कधीच देत नाहीत का? देतात, पण कुठे ते पाहा. तलावात पाळलेला जपानी वाम बहुतेक नरच होतो. म्हणून तिथले संशोधक कोवळ्या वयात इस्ट्रॅडिओल खाऊ घालून माद्या घडवतात. पण पुढे गाभोळी भरण्यासाठी त्या माद्यांना आठवड्या-आठवड्याला सॅल्मनच्या पियुषिकेचा अर्क देतात आणि शेवटी पिकवण्यासाठी डीएचपी. २०१० साली जपाननं वामाचं पूर्ण जीवनचक्र बंदिस्तात पुरं केलं ते या वाटेनं. तिन्ही टप्प्यांना तीन वेगळे हात लागले, आणि इस्ट्रॅडिओलचा हात होता तो फक्त बालपणी.

कोकणातल्या वाचकांना जिताड्याचं उदाहरण जवळचं. जिताडा आधी नर म्हणून वयात येतो आणि काही वर्षांनी, अंगानं मोठा झाल्यावर, मादी होतो. या बदलात वृषणाची जागा अंडाशय घेतं आणि ॲरोमॅटेज वर येतं. चेन्नईच्या सीबा संस्थेनं १९९७ मध्ये बंदिस्त जिताड्याचं प्रजनन साधलं. तिथेही नुसते प्रजनक धरून चालत नाही, पुरेशा मोठ्या, मादी झालेल्या माशांची सोय लागते. हेकरू माशात, म्हणजे ग्रूपरमध्ये, उलटा क्रम: आधी मादी, मग नर, आणि तिथे इस्ट्रोजेन उतरणं हा बदलाचा एक भाग आहे. मोठ्या झालेल्या झेब्राफिश किंवा मेडाका मादीला ॲरोमॅटेज अडवणारं औषध दीर्घकाळ दिलं तर तीसुद्धा नर होऊ शकते. माशांत मादीपण एकदा मिळालं म्हणजे कायमचं असं नसतं. ॲरोमॅटेज ते रोज राखत असतं.

गोळ्या न देण्याचं आणखी एक कारण तुमच्या तळ्याबाहेर आहे. खाद्यातून दिलेलं बरंचसं स्टिरॉइड विष्ठेतून आणि न खाल्लेल्या खाद्यातून पाण्यात जातं. कॅनडातल्या ऑन्टारिओमध्ये प्रयोगासाठी राखलेल्या एका तलावात, लेक २६० मध्ये, २००१ ते २००३ अशी तीन वर्षं उन्हाळ्यात गर्भनिरोधक गोळ्यांतलं कृत्रिम इस्ट्रोजेन लिटरमागे ५ ते ६ नॅनोग्रॅम इतकं राहील असं सोडलं गेलं. फॅटहेड मिनो माशाच्या नरांत व्हिटेलोजेनिन भरलं, वृषणांत अंडपेशी दिसू लागल्या, माद्यांच्या अंडाशयाची घडणही बिघडली, आणि काही वर्षांत त्या तलावातला तो मासा जवळजवळ संपला. ते रसायन इस्ट्रॅडिओलपेक्षा खूप तीव्र असतं हे खरं. पण नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग, आणि तुमच्या हॅचरीचं पाणी शेवटी ओढ्यालाच जातं.

आता तुमच्या माद्यांचं काय करायचं. जूनमध्ये करण्यासारखं थोडं आहे; करायचं ते फेब्रुवारीपासून. प्रजनक तळ्यात गर्दी ठेवू नका, हेक्टरी दीड-दोन हजार किलोच्या पलीकडे जाऊ नका. कटला वरच्या थरातला, प्राणिप्लवंग खाणारा मासा आहे. त्याच्या तळ्यात प्लवंग कमी आणि भिस्त पूर्ण पेंडीवर असेल तर गाभोळी भरत नाही, हे माझ्या पाहण्यातलं कटला अडण्याचं सर्वांत मोठं कारण. खाद्यात २५ ते ३० टक्के प्रथिनं हवीत, आणि माशांचं तेल किंवा चांगली चरबी, खनिजं, जीवनसत्त्व ई हवं. भुवनेश्वरच्या सिफा संस्थेनं प्रजनकांसाठी सिफाब्रूड नावाचं खाद्य काढलंय ते याच गरजेसाठी. फेब्रुवारी-मार्चपासून अधूनमधून ताजं पाणी द्या.

मे महिन्याकडे खास लक्ष द्या. जास्त तापमान ॲरोमॅटेजला दाबतं. टास्मानियात अटलांटिक सॅल्मनवर झालेल्या कामात बलक भरण्याच्या काळात पाणी २२ अंशांवर ठेवलं तर माद्यांचं इस्ट्रॅडिओल आणि व्हिटेलोजेनिन दोन्ही उतरलं, अंडी लहान झाली, फलन घटलं. कटल्याची सहनशक्ती खूप वरची आहे, आकडा तसाच लागू होणार नाही, पण विदर्भ-मराठवाड्यात मेअखेर पाणी आटून तळं कमरेएवढं उरतं तेव्हा दुपारचं पाणी कार्पलाही जड जातं. भरलेली अंडी अशा वेळी शरीर परत जिरवून टाकतं. प्रजनक तळ्यात निदान दीड मीटर पाणी टिकवा. वारंवार जाळं ओढून ‘भरली का’ हे बघणंही बंद करा. ताणाखाली वाढलेलं कॉर्टिसॉल इस्ट्रॅडिओल आणि व्हिटेलोजेनिन दोन्ही खाली ओढतं.

आणि इंजेक्शनआधी मादी निवडताना नुसत्या पोटावर जाऊ नका. फुगलेलं पोट चरबीनंही फुगतं, कटल्यात तर हमखास. बारीक मऊ नळीनं थोडी अंडी काढा, सहा भाग अल्कोहोल, तीन भाग फॉर्मेलिन, एक भाग ग्लेशियल ॲसिटिक आम्ल या द्रावणात काही मिनिटं ठेवा. अंडी पारदर्शक होतात आणि केंद्रक दिसतं. बहुतेक अंड्यांत ते मधोमध असेल तर मादी परत तळ्यात सोडा आणि काही दिवसांनी पुन्हा तपासा. कडेकडे सरकलेलं असेल तर इंजेक्शन द्या. अंड्यांचे आकार फार कमीजास्त, काही पांढरट-मऊ, तुटलेली असतील तर ती जिरवायला लागलीय. त्या मादीवर या हंगामात औषध खर्च करू नका, तिला वेगळ्या तळ्यात हलवून चांगलं खायला घाला.

यंदा अडलेल्या माद्यांची अशी तपासणी करून कोणत्या प्रकारात किती मोडतात ते लिहून ठेवा. बहुतेक जणी मधोमध केंद्रकवाल्या निघाल्या तर दोष खाद्याचा किंवा घाईचा. जिरवणाऱ्या जास्त निघाल्या तर मे महिन्यातल्या पाण्याचा किंवा उशीर केल्याचा. केंद्रक कडेला असूनही इंजेक्शननंतर अंडी सुटत नसतील तर मात्र औषधाची साठवण, मात्रा आणि त्या रात्रीचं पाण्याचं तापमान कळवा, मग त्यावर वेगळं बोलू.